मास्तरांना शब्द सांगायचा नाही

३ मार्च

वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. रागाने का होईना, पत्र नीट वाचशील.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी फोन हातात घेतला की तुझा दादा शेजारी येऊन उभा राहतो आणि माझं वाक्य अर्ध्यात तोडून स्वतःच पुरं करतो. दिवसभर बस चालवून आलेल्या माणसाला एवढा उत्साह कुठून येतो कोण जाणे. मला तर दिवसभर इस्त्री करून आलं की बोलायचासुद्धा कंटाळा येतो. म्हणून लाँड्रीतच जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलेय. कागद जरा दमट लागला तर चालवून घे.

तर बातमी अशी. बाबांची स्मरणसभा ठरली. प्रार्थनाघराच्या भिंतींना रंग द्यायचा होता म्हणून इतके दिवस थांबले होते, आता रंग झाला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, सकाळी. सगळं शिंपीकाकांनी अंगावर घेतलंय. बाबांचे ते सगळ्यात जुने विद्यार्थी, त्यामुळे 'मास्तरांचं काम' म्हटलं की त्यांना कोणी अडवत नाही, आणि अडवलं तर ते ऐकत नाहीत. घरी येतात, बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून बसतात, म्हणजे माझ्याकडे पाठ, आणि तसंच मला विचारतात, "पत्रकावर फोटो कोणता घ्यायचा?" मी म्हटलं, तुम्हाला आवडेल तो घ्या. शेवटी शाळेतला घेतला, हातात खडू आहे तो.

लोक खूप येणार. शाळेत बाबांकडे गणित शिकलेले वेगळे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वर्गातले वेगळे. शिंपीकाकांचं म्हणणं, मुख्य भाषण मुलीनेच करायचं. "मास्तरांची खरी शिष्या ती. मुलगा काय, बस चालवतो." हे मी म्हणत नाही, ते म्हणाले, तुझ्या दादाच्या तोंडावर. त्याने हसून घेतलं.

तर ये. दुकानात रजा सांग. तुझी खोली झाडून ठेवते.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

वन्सं म्हण नाहीतर अक्काबाई म्हण, आज तुला सगळं माफ.

पत्र काउंटरखाली धरून वाचलं. समोर एक आजोबा नवी फ्रेम नाकावर ठेवून विचारत होते, कशी दिसते, आणि मी डोळे पुसत होते. बिचाऱ्यांनी फ्रेम लगेच काढून ठेवली.

येते मी. भाषणही करते. काय बोलायचं ते ठरलंय.

एक म्हणजे बाबांचा वर्ग. प्रार्थना म्हणताना कोणी अडलं की बाबा पुढचा शब्द सांगायचे नाहीत. दुसऱ्या कोणाला सांगूही द्यायचे नाहीत. "शब्द आत आहे. थांबा, येईल." की सगळा वर्ग चिडीचूप. मी एकदा शिंपीकाकांच्या मुलीला हळूच शब्द सांगितला, तर मला वर्गाबाहेर उभं केलं, पोटच्या पोरीला. म्हणाले, तू मदत नाही केलीस, तिचा शब्द चोरलास. ते इतकं आत गेलंय की आजही दुकानात कोणी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचताना अडखळलं की मी गप्प थांबते. मालक ओरडतो, गिऱ्हाईक पटापट काढ. मला जमत नाही.

दुसरं म्हणजे गेल्या उन्हाळ्यात मी दोन दिवस आले होते, तेव्हाचं. तुम्ही म्हणत होतात बाबा विसरायला लागलेत, आणि खरंच, मला बघून म्हणाले, "तू कोणाची गं?" पण संध्याकाळी मी समोर बसले, म्हटलं, बाबा, प्रार्थना म्हणू या. आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नजर माझ्यावर नव्हती, माझ्या डोक्यावरून दाराकडे लागलेली, तिथे कोणी उभं असल्यासारखी. वहिनी, तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. माणूस स्वतःचं लेकरू विसरला, पण देवाला विसरला नाही. मी लोकांना हेच सांगणार.

फक्त शेवटचा दिवस मला नीट माहीत नाही. तेव्हा आले ती धावतपळत, आणि सगळा वेळ रडण्यातच गेला. दादा फोनवर म्हणाला होता, ओठांवर प्रार्थना होती. पण तो तर ड्यूटीवर होता. घरी तूच होतीस. कोणती ओळ म्हणत होते गं? तेवढं कळव. भाषण मला त्या ओळीवर संपवायचंय.

तुझी धाकली


२४ मार्च

धाकले,

उत्तराला उशीर झाला. लाँड्रीत एका हॉटेलच्या चादरींचं काम आलंय. चादर म्हणजे काय, अंगणच ते, एक टोक धरावं तर दुसरं जमिनीला लागतं. घरी आलं की हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायलाही तुझ्या दादाला बोलवावं की काय, असं झालंय.

रविवारी बाबांचं कपाट आवरायला घेतलं. सगळे शर्ट एकाच रंगाचे. मी दुकानातून आणलेला निळा शर्ट घडीसुद्धा न मोडता तसाच आहे. खिशांच्या शिवणीत अजून खडूची पूड निघते, इतक्या वेळा धुऊन. चष्म्याचं काय करू? तुमच्या दुकानात काच बदलून कोणाला देता येत असेल तर येशील तेव्हा घेऊन जा. छत्री तुझा दादा वापरतोय. खुर्ची कोणाला द्यावी कळत नाही. शिंपीकाका म्हणतात, प्रार्थनाघरात ठेवू, तिच्यावर कोणी बसायचं नाही. आधीच तिथे बसायला खुर्च्या कमी, त्यात ही एक बिनबसायची.

शेवटच्या दिवसाचं विचारलंस. शांतपणे गेले. त्रास झाला नाही. संध्याकाळ होती, खिडकी उघडी होती, बाहेर शेजारची मुलं खेळत होती. एवढं पुरे नाही का? भाषण तुझं आहे, तुला आठवतं ते बोल. तुझ्याकडे बाबांच्या आठवणी माझ्यापेक्षा जास्त आणि चांगल्या आहेत.

मला मागे बसू दे. एवढ्या लोकांच्या चहाचं बघायला कोणीतरी लागेलच.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय! शर्ट, छत्री, खुर्ची. ओळ कुठे आहे?

मला माहीत आहे, तुझा या सगळ्यावर विश्वास नाही. बाबांनाही माहीत होतं, आणि त्यांनी तुला त्यावरून एका शब्दाने टोचलं नाही. मीही टोचत नाही. पण तुझा विश्वास नाही म्हणून तुला जे किरकोळ वाटतं, ते माझ्यासाठी किरकोळ नाही.

काल शिंपीकाकांचा फोन आला होता. पत्रक छापून आलंय. फोटोखाली ठळक अक्षरात आहे, 'ओठांवर प्रार्थना घेऊन मास्तर गेले.' आमचं दोघांचं असं ठरलंय की भाषण संपलं की मी तुझं नाव घ्यायचं, तू उठायचं, आणि बाबांची शेवटची ओळ तुझ्या तोंडून सगळ्यांनी ऐकायची. तू एकटीच जवळ होतीस. तू सांगितलंस तर त्याला वजन आहे. एक ओळ म्हणायची आहे गं, डोंगर उचलायचा नाही.

हा हट्ट का, तेही सांगते. बाबांनी आयुष्यभर काय केलं? दिवसा शाळा, संध्याकाळी वर्ग. आम्हाला कधी कुठे फिरायला नेलं नाही. आई आजारी होती तेव्हाही एक संध्याकाळ चुकवली नाही. आई म्हणायची, "तुझ्या बापाला घरातलं माणूस हाक मारून ऐकू येत नाही, देव न मारता ऐकू येतो." ती हसून म्हणायची, पण तिलाही लागत असणारच. आम्हाला तर लागायचंच. मग मी मनाशी म्हणायचे, याचं काहीतरी होणार आहे, शेवटी कळेल हे कशासाठी होतं. बाबा प्रार्थनेशिवाय गेले असते ना वहिनी, तर मला त्यांचं सगळं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलं असतं. आणि आमचंही.

म्हणून ती ओळ हवी. लवकर लिही.

धाकली


७ एप्रिल

धाकले,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग तुझ्या दादाला दिलं. तो म्हणाला, "सांगून टाक कोणती तरी ओळ. कोण बघायला गेलंय?" बघायला मी गेलेय, मी म्हटलं.

तो तुझ्यासाठीच खोटं बोलला गं. फोनवर तू हुंदके देत होतीस, त्याला सुचलं ते त्याने तुझ्या हातावर ठेवलं. त्या एका वाक्याचं पत्रक होईल हे त्याला काय माहीत. त्याच्यावर रागावू नकोस. पण ते वाक्य मी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणणार नाही. देवाची भीती म्हणून नव्हे, त्याची माझी ओळख नाही. बाबांची लाज वाटते म्हणून.

आता जरा बसून वाच.

बाबांचे पाय थकल्यावर संध्याकाळचा वर्ग आपल्या पुढच्या खोलीत भरायला लागला, हे तुला माहीत आहे. शिंपीकाका, त्यांची मुलगी, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, शाळेतले एकदोन जण. बाबा सुरू करायचे आणि एका जागी अडायचे. दर वेळी तीच जागा. "दिवस तू दिलास, तो तुझ्याकडे परत ठेवतो." बस. पुढचं येईचना. आणि वर्ग काय करायचा? थांबायचा. सगळ्यांना तोंडपाठ, पण एक जण सांगेल तर शपथ! मास्तरांना शब्द सांगायचा नाही, मास्तरांनीच शिकवलेलं. माना खाली घालून बसायचे. त्यांना वाटायचं हाच त्यांचा मान. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, फळ्यासमोर उभं केलेलं पोर बघतं तसे. कपाळावर घाम यायचा. मी आतून बघायचे आणि मनात म्हणायचे, अरे सांगा ना मेल्यांनो, माणूस बुडतोय. शेवटी एकेक जण उठून जायचा, हळूच, चपलांचासुद्धा आवाज न करता. पुढे पुढे यायचेच बंद झाले. शिंपीकाका म्हणाले, "मास्तरांना उगाच त्रास नको."

माणसं यायची थांबली, पण बाबांची वेळ थांबली नाही. संध्याकाळ झाली की खुर्चीत ताठ बसायचे आणि रिकाम्या खोलीत सुरू करायचे. तिथेच अडायचे. मग रडायचे. रोज. मी सुरुवातीला तोंडात बोळा घालून बसले. म्हटलं, हे यांच्या घरचं शास्त्र, आपण बाहेरून आलेलो, आपण कशाला त्यात नाक खुपसायचं.

एका संध्याकाळी मी फरशी पुसत होते. पुसता पुसता तोंडातून निघून गेलं, "जे झालं ते तुझं, जे राहिलं ते माझं." ठरवून नाही गं. लग्न होऊन आल्यापासून भिंतीपलीकडून ऐकलेलं, कुठेतरी चिकटून राहिलं होतं. बाबांनी वळून बघितलं. वाटलं, आता चिडतील, शब्द चोरला म्हणतील. ते म्हणाले, "शाबास! कोणाची गं तू? पुढे म्हण." मी म्हटलं. हातातल्या ओल्या फडक्यासकट, शेवटपर्यंत. ते मान डोलवत ऐकत होते.

तेव्हापासून रोज मी म्हणायचं आणि त्यांनी ऐकायचं. झालं की विसरायचे, "पुन्हा म्हण." पुन्हा झालं की पुन्हा. त्यांच्यासाठी मी रोज नवी मुलगी होते, वर्गात आजच बसलेली. कधी प्रेमाने म्हटली असेल, पण खरं सांगू, कधी कधी दातओठ खाऊनही म्हटली आहे. दिवसभर उभं राहून पायांचे खांब झालेले असायचे, स्वयंपाक व्हायचा असायचा, आणि इकडे "पुन्हा म्हण." माझ्या तशा म्हणण्याचं देवाला काय वाटलं असेल ते त्याचं तो बघेल.

आता उन्हाळ्यातलं. हे न सांगता भागलं तर बघत होते. तू बाबांसमोर बसलीस आणि प्रार्थना म्हणू या म्हणालीस, तेव्हाच मला पुढचं दिसलं. ते अडणार, आणि तू थांबणार. पक्की शिष्या ना तू! दोन दिवसांसाठी आलेली, तेच घेऊन परत गेली असतीस. म्हणून मी तुझ्या मागे दारात येऊन उभी राहिले आणि आवाज न करता ओठ हलवत राहिले. बाबा माझ्या ओठांकडे बघून म्हणत होते. दारात देव नव्हता, धाकले. मी होते.

आणि शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी त्यांनी सुरूच केलं नाही. मी विचारलं, "बाबा, वर्ग?" म्हणाले, "आज वर्ग नाही. दमलो." बाहेर पोरांचा गलका चालला होता, तो जरा वेळ ऐकला आणि मला म्हणाले, "तू पण जा. खेळायला जा." मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एक दिवस सुट्टी मिळाली. परत बाहेर आले तर गेले होते.

प्रार्थना नव्हती. ओळ नव्हती. "दमलो" एवढंच होतं, आणि मला खेळायला पाठवलं.

भाषणात काय घालायचं ते तू ठरव. मला फक्त उभं करू नकोस.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनींना,

तुमचं पत्र मिळालं.

बाबांना शब्द सांगायचा नसतो, हे त्या घरात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्ही सांगितलात. थांबला असतात तर आज ना उद्या त्यांचा त्यांना आला असता. तुम्हाला काम उरकायचं होतं. फरशी वाळायची होती, स्वयंपाक व्हायचा होता. आणि मला त्या दोन दिवसांत जे एकच मिळालं होतं, तेही तुम्ही पत्र लिहून काढून घेतलंत.

मी शनिवारी संध्याकाळी पोचेन. खोली झाडायची गरज नाही, शिंपीकाकांकडे उतरते. पत्रकात जे छापलंय तेच मी बोलणार. तुम्हाला उभं करणार नाही. तुम्ही चहाचं बघा.


१९ एप्रिल

धाकले,

'तुम्ही' वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. असू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं, तुझंही जळतंय हे मला दिसतंय.

आज ना उद्या आला असता म्हणतेस. सगळ्यांनी मिळून वाट बघितली होती गं. मी सोडून सगळ्यांनी.

शिंपीकाकांकडे पाहुण्यांना जमिनीवर झोपवतात आणि उशी विटेसारखी असते. आपली घेऊन जा. तुझी खोली झाडलेली आहे.

वहिनी


४ मे

वहिनी,

ते 'तुम्ही' परत घेते. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते लिहितं, आणि पोस्टात पडलं की हात चोळत बसतं.

सभा तूही बघितलीस, पण मागच्या दारातून. समोरून काय दिसत होतं ते तुला सांगायचंय. निघताना बोलायचं होतं, पण तू कप विसळत होतीस, आजूबाजूला बायका होत्या, आणि दादा गाडीची वेळ झाली म्हणून हॉर्न वाजवत होता. त्याचा हॉर्न म्हणजे बसचाच, सगळी गल्ली गोळा झाली.

वर्गाचं बोलून झालं. शाळेचं झालं. लोक हसले, मध्येच कोणी डोळे पुसले. मग कागदावर पुढचं वाक्य होतं, "शेवटच्या दिवसांत बाबा". तेवढं वाचलं आणि आवाजच बंद. विसरले नव्हते गं, कागद समोर होता, अक्षरं दिसत होती. घशातून काही निघेना. मी मान वर केली. सगळे बाबांचे विद्यार्थी. आणि त्यांनी काय करावं? थांबले. कोणी खोकलंसुद्धा नाही. मी शिंपीकाकांकडे बघितलं, मान खाली. बेकरीवाल्याकडे बघितलं, मान खाली. लहानपणापासून ज्यांनी मला कडेवर घेतलं ती सगळी माणसं, माझ्यावर जीव टाकणारी, आणि एकही माझ्याकडे बघेना. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तेव्हा मला कळलं, बाबा त्या खोलीत रोज संध्याकाळी कशात बसलेले असायचे. मी असते तर मीही मान खाली घालूनच बसले असते. प्रेमाने.

मग दाराकडे बघितलं. तू ट्रे घेऊन उभी होतीस. मला वाटलं ओठ हलवशील. तू कसली! सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "दमले होते. सांग की!" शिंपीकाका मागे वळून म्हणाले, "शू!" आणि तू म्हणालीस, "शू काय? मुलगी अडलीये, दिसत नाही?"

मग मी सांगितलं. बाबा दमले होते. पुढचं सगळं माझं मला आलं. ती जागा जिथे अडायचे, तुझं फरशी पुसणं, ओठ हलवणं, आणि तुला खेळायला पाठवलं तेही. एक अख्खं माणूस आयुष्यभर लोकांना प्रार्थना शिकवत आलं आणि शेवटी ती ऐकत ऐकत गेलं, एवढंच मला म्हणता आलं. पत्रकाचं मी काही बोलले नाही. ज्याने त्याने आपापलं घडी करून खिशात घातलं.

शिंपीकाका मधूनच उठून गेलेले बघितलंस ना? नंतर बाहेर नळाशी उभे होते, तोंड धुतल्यासारखं करत. मला म्हणाले, "आम्हाला वाटायचं, मान राखतोय." मग मीच म्हटलं, "काका, चला, चहा निवतोय."

काल त्यांचा फोन आला. संध्याकाळचा वर्ग परत सुरू करायचा म्हणतात. अडलेल्याला शब्द सांगायचा, हा नवा नियम. आणि वर्ग तुझ्याकडे द्यावा असं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, तिलाच विचारा, आणि विचारताना जरा लांब उभे राहा.

बाबांचं आयुष्य फुकट गेलं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण आता तो प्रश्न पहिल्यासारखा घशाशी येत नाही.

तुझी धाकली


१२ मे

धाकले,

शिंपीकाका येऊन गेले. या वेळी खुर्चीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बसले. वर्गाचं विचारलं. मी म्हटलं, काका, आधी कोणाकडून तरी डोकं तपासून घ्या, देव न मानणारी बाई प्रार्थना शिकवणार? म्हणाले, "मास्तरांनी तुम्हालाच शेवटचं शिकवलं." मी म्हटलं, शिकवलं असेल, पण मला आता संध्याकाळी फक्त आडवं व्हायचंय. तुमच्या मुलीला सांगा, तिला सगळं येतं. बरं म्हणाले. जाताना चहाचा कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. तुझ्या लक्षात आलं नसेल, पण बाकीच्यांच्या आलं. सून ती सूनच, असं कोणीतरी पाठीमागे म्हणालंही. मला काही वाटलं नाही. मला झोप येत होती. रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालं होतं माझं. ते रोज थोडे थोडे जात होते आणि मी रोज भांडी घासत होते. ते गेल्यावर मी झोपले, उठले, लाँड्रीत गेले, चादरींना इस्त्री केली. सभेतसुद्धा तू बोलत होतीस, लोक रडत होते, आणि मी कप मोजत होते की पुरतील का.

काल संध्याकाळी लाँड्रीतून आले. तुझा दादा ड्यूटीवर होता. तोंड धुतलं, चहा केला आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. काही मनात नव्हतं. आणि तोंडातून आपोआप सुरू झालं. दिवस तू दिलास. म्हणत गेले. कोणासाठी, माहीत नाही. विश्वास वगैरे काही आला नाही मला, उगाच खूश होऊ नकोस. पाय जसे रोजच्या रस्त्याने चालतात तशी जीभ चालत होती. सगळी म्हणून झाली आणि मी थांबले.

आता ते "पुन्हा म्हण" म्हणणार, आणि मी मनात चिडणार. मी चिडायला तयार होऊन बसले होते गं. कोणी काही म्हणालं नाही. चहा निवून गेला तरी कोणी काही म्हणालं नाही.

मग मी रडले. साधंसुधं नाही, गळा काढून, लहान मुलासारखं. शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली. दारातूनच ओरडली, "अहो, काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "आमचे बाबा गेले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत येऊन माझ्याजवळ बसली.

वहिनी